व्हिव्हियन बुलविंकेल : एका परिचारिकेची साक्ष

सिंगापूर हे नाव ऐकताच भारतीय माणसाच्या मनात आझाद हिंद सेनेची आठवण जागी होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ब्रिटिश सेनापती पर्सिव्हल यांनी ते बेट जपान्यांच्या स्वाधीन केले, हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले आणि त्यांच्यातूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. तो इतिहास आपल्या घरातला आहे. परंतु सिंगापूर पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, तेथून दक्षिणेस सुमात्रालगतच्या बांका नावाच्या बेटावर जे घडले, ते आपल्याकडे फारसे कुणी सांगितलेले नाही. त्या प्रसंगातून जिवंत राहिलेल्या एका ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिकेच्या जीवनाविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे. त्यांचे नाव व्हिव्हियन बुलविंकेल.

लष्करी परिचारिकेचे स्थान मोठे चमत्कारिक असते. ती सैन्याचा गणवेश घालते, सैन्याच्या आज्ञेने समुद्र ओलांडते, परंतु तिच्या हाती शस्त्र नसते. तिचे सारे संरक्षण तिच्या दंडावरील रेडक्रॉसच्या चिन्हात असते. हे चिन्ह धारण करणाऱ्यावर शत्रूनेही हात उचलू नये, असे १८६४ च्या जिनिव्हा करारापासून जगातील राष्ट्रांनी मान्य केले आहे आणि त्या राष्ट्रांत जपानही होता. म्हणजे परिचारिका युद्धावर जाते ती शत्रूच्या वचनावर विश्वास ठेवून. ते वचन मोडले तर काय होते आणि ते मोडल्यावरही परिचारिका आपले वचन कसे पाळते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बुलविंकेलबाईंच्या चरित्रात सापडते.

बाईंचा जन्म १८ डिसेंबर १९१५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा या लहानशा गावी झाला. रुपे, शिसे आणि जस्त यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रोकन हिल येथे त्यांचे वडील खाण कंपनीत नोकरीला होते. तेथल्याच रुग्णालयात त्यांनी परिचर्येचे आणि सुईणकामाचे शिक्षण घेतले. पुढे हॅमिल्टन या गावी आणि मेलबर्न शहरात त्यांनी नोकरी केली. एखाद्या सामान्य घरातील कष्टाळू मुलीचे जीवन जसे असावे तसेच हे होते. महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी हवाई दलाकडे अर्ज केला. परंतु तळपाय सपाट आहेत या कारणाने तेथे नकार मिळाला. मग त्या भूसेनेच्या परिचारिका दलात दाखल झाल्या आणि सप्टेंबर १९४१ मध्ये ‘वांगानेला’ या रुग्णनौकेतून सिंगापूरला आल्या. त्यांचे रुग्णालय ‘२/१३ ऑस्ट्रेलियन जनरल हॉस्पिटल’ या नावाने ओळखले जाई. आधी सिंगापुरातील सेंट पॅट्रिक शाळेची इमारत आणि नंतर सामुद्रधुनीपलीकडे जोहोरमधील एक मनोरुग्णालय, अशा जागी त्यांनी खाटा मांडल्या.

८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर उतरले. सत्तर दिवसांत साऱ्या द्वीपकल्पाचा आणि सिंगापूरचा निकाल लागला. जानेवारीअखेर रुग्णालय पुन्हा सिंगापुरात हलवावे लागले. जखमींची रीघ लागली होती. वरून बॉम्ब पडत होते आणि पाण्याचा तुटवडा दिवसागणिक वाढत होता. अशात हाँगकाँगहून बातमी आली की तेथे १९४१ च्या नाताळच्या दिवशी जपानी सैनिकांनी एका रुग्णालयात शिरून रुग्णांना ठार केले आणि परिचारिकांवर अत्याचार केले. आता परिचारिकांना सिंगापुरात ठेवणे धोक्याचे होते. त्यांची स्वतःची मात्र जाण्याची इच्छा नव्हती. रुग्णांना खाटेवर टाकून कसे जायचे, हा त्यांचा प्रश्न होता. अखेर आज्ञाच आली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या तुकड्या निघाल्या. ‘एम्पायर स्टार’ या बोटीतून गेलेल्या तुकडीवर वाटेत विमानांतून हल्ला झाला, तेव्हा मार्गारेट अँडरसन या परिचारिकेने उघड्या डेकवरील जखमींना आपल्या देहाने झाकले. पुढे त्यांना जॉर्ज पदक मिळाले. ती बोट सुखरूप पोहोचली. उरलेल्या ६५ परिचारिका १२ फेब्रुवारीला ‘व्हायनर ब्रूक’ नावाच्या एका लहान बोटीत चढल्या. बोटीची सोय थोड्या उतारूंची; तीत बायका, मुले, म्हातारीकोतारी माणसे मिळून दोनशेच्या आसपास जीव कोंबलेले होते. पाश्के आणि ड्रमंड या दोन मेट्रन त्या परिचारिकांच्या प्रमुख होत्या. बोट बुडू लागली तर आधी इतरांना उतरवायचे आणि परिचारिकांनी सर्वांच्या शेवटी पाण्यात उतरायचे, असे पाश्के यांनी आधीच बजावून ठेवले होते.

१४ फेब्रुवारीच्या दुपारी बांकाच्या सामुद्रधुनीत जपानी विमानांनी बोट गाठली. बॉम्ब लागले आणि अर्ध्या तासाच्या आत बोट तळाला गेली. परिचारिकांनी दिलेला शब्द पाळला. इतर उतारू उतरल्यावर त्या पाण्यात उतरल्या. बारा जणी त्या समुद्रातच नाहीशा झाल्या. त्यांत मेट्रन पाश्केही होत्या. कुणी तराफ्याला धरून, कुणी उलट्या झालेल्या होडीला बिलगून तासन्‌तास तरंगत राहिले. बुलविंकेलबाई अशाच एका होडीला धरून बांका बेटावर लागल्या. ज्या जागी त्या पोहोचल्या तिला रादजी किनारा म्हणतात. तेथे मेट्रन ड्रमंड यांच्यासह २२ परिचारिका, काही नागरिक, बोटीवरचे खलाशी आणि दुसऱ्या एका बुडालेल्या जहाजावरील जखमी ब्रिटिश सैनिक एकत्र आले.

दोन रात्री त्यांनी किनाऱ्यावर काढल्या. अन्न नव्हते. जखमींपैकी काहींची स्थिती बिकट होती. बेट जपान्यांच्या ताब्यात गेले होते, तेव्हा शरण जाण्याखेरीज गत्यंतर नाही, असे सर्वांनी मिळून ठरवले. १६ फेब्रुवारीला बोटीवरचा एक अधिकारी मुंटोक गावी जपान्यांना कळवण्यास गेला. मुले भुकेने रडत होती, म्हणून बायका आणि मुले यांनी पायी गावाकडे निघावे असे ड्रमंड यांनी सुचवले. परिचारिकांनाही त्यांच्याबरोबर जाता आले असते. पण किनाऱ्यावर जखमी पडलेले होते, म्हणून त्या मागे राहिल्या. एक वृद्ध स्त्रीही आपल्या जखमी पतीपाशी थांबली. श्रोत्यांनी ही गोष्ट मनाशी नीट धरून ठेवावी. पुढे जे झाले ते त्यांच्या वाट्याला आले, कारण त्यांनी रुग्णांची संगत सोडली नाही.

जपानी तुकडी आली. पुरुषांना दोन गटांत करून खडकाच्या आड नेण्यात आले. सैनिक परतले ते संगिनी पुसत. मग परिचारिकांना आणि त्या वृद्ध स्त्रीला समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालण्याची आज्ञा झाली. मेट्रन ड्रमंड यांनी आपल्या मुलींना धीर दिला. कुणी किंचाळले नाही, कुणी मागे वळले नाही, असे बुलविंकेलबाईंनी पुढे सांगितले. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा मागून यंत्रबंदूक सुरू झाली. एकवीस परिचारिका आणि ती वृद्ध स्त्री तेथेच मरण पावल्या. बाविसावी परिचारिका म्हणजे व्हिव्हियन बुलविंकेल. त्यांच्या डाव्या कुशीत कमरेच्या वर गोळी शिरली आणि पार होऊन गेली. आपण मेलो असेच त्यांना प्रथम वाटले. मग आपण श्वास घेत आहोत हे ध्यानी आले. लाटांनी त्यांना हळूहळू किनाऱ्याशी आणले. सैनिक निघून जाईपर्यंत त्या निश्चेष्ट पडून राहिल्या आणि नंतर सरपटत रानात शिरल्या.

पुष्कळदा ही कथा येथेच थांबवली जाते. एवढ्या संहारातून एक तरुण स्त्री वाचली, यातच सारे नवल आहे असे सांगणाऱ्याला वाटते. मला स्वतःला यापुढचे बारा दिवस अधिक मोलाचे वाटतात. गोळी चुकणे हे दैवाचे काम होते. त्यानंतर त्यांनी जे केले ते सर्वस्वी त्यांचे होते.

झोपेतून आणि ग्लानीतून जागे झाल्यावर त्या पाण्याच्या शोधात निघाल्या असता रानात त्यांना एक आवाज ऐकू आला. तो किन्सली नावाच्या एका ब्रिटिश शिपायाचा होता. त्याच्या अंगावर संगिनीचे वार होते आणि दंड गोळीने फुटलेला होता. तोही मेला असे समजून त्याला टाकून दिले होते. बाईंची जखम ताजी होती. जवळ औषध नव्हते, पट्टी नव्हती. आपल्या एकवीस मैत्रिणींची प्रेते त्यांनी नुकतीच पाहिली होती. अशा स्थितीत त्या शिपायापाशी त्या बसल्या आणि त्याची शुश्रूषा करू लागल्या. जवळच्या खेड्यात जाऊन त्यांनी अन्न मागितले. गावातल्या पुरुषांनी जपान्यांच्या भयाने नकार दिला. परंतु त्या परत फिरल्यावर गावातल्या बायकांनी गुपचूप मागून येऊन त्यांच्या हाती अन्न ठेवले. त्या अनाम मलायी बायांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत. त्यांनी दिलेल्या घासावर दोन जखमी जीव बारा दिवस तगले.

शेवटी या रानात मरण्यापेक्षा पुन्हा एकदा शरण जाणे बरे, असे दोघांनी ठरवले. तेव्हा किन्सलीने एक दिवस थांबण्याची विनंती केली. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणचाळिसावे वर्ष पुरे होणार होते आणि तो वाढदिवस त्याला स्वतंत्र माणूस म्हणून घालवायचा होता. बाई थांबल्या. मग दोघेही जपान्यांच्या स्वाधीन झाले. आपल्या गणवेशाला पडलेले गोळीचे भोक दिसू नये म्हणून बाईंनी त्यावर पाण्याची बाटली अडकवून घेतली होती. थोड्याच दिवसांत किन्सली वारला. त्याला वाचवणे त्यांच्या हाती नव्हते. परंतु तो एकटा, रानात, कुणाचा हात हाती नसताना मेला नाही.

मुंटोकच्या छावणीत त्यांना बुडालेल्या बोटीवरील ३१ परिचारिका भेटल्या. त्यांना बाईंनी सारी हकीकत सांगितली. सर्वांच्या ध्यानात आले की या हत्येची साक्षीदार जिवंत आहे हे जपान्यांना कळले तर तिचे प्राण वाचणार नाहीत आणि ऐकणाऱ्यांचेही नाहीत. पुन्हा हा विषय ओठांवर आणायचा नाही, असे त्या बत्तीस जणींनी ठरवले. साडेतीन वर्षे, भूक, ताप आणि मरण यांच्या सान्निध्यात, त्यांच्यापैकी एकीनेही तो शब्द मोडला नाही.

छावण्या बदलत गेल्या. मुंटोकहून पालेंबांग, पुन्हा मुंटोक आणि अखेरीस सुमात्राच्या आतील भागात लुबुक लिंगाऊजवळच्या रबराच्या मळ्यात. डच, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन स्त्रिया व मुले तेथे कोंडलेली होती. परिचारिकांनी तेथे आपसांत पाळ्या लावून आजाऱ्यांची सेवा चालवली. लाकडे फोडणे, पाणी वाहणे आणि पुढे पुढे मेलेल्यांसाठी खड्डे खणणे, ही कामेही त्याच करीत. मलेरिया, आमांश आणि बेरीबेरी यांनी माणसे झिजत होती. या अंधारात एक प्रकाशाचा कवडसा होता. मार्गारेट ड्रायबर्ग या मिशनरी बाई आणि नोरा चेंबर्स या गायनशिक्षित स्त्री, या दोघींनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचना स्मरणातून लिहून काढल्या आणि वाद्यांविना, नुसत्या कंठांनी त्या गाणारा एक मेळ उभा केला. २७ डिसेंबर १९४३ रोजी त्याचा पहिला कार्यक्रम झाला. पुढे गाणाऱ्याच एकामागून एक मरू लागल्या तेव्हा तो मेळ बंद पडला. एप्रिल १९४५ मध्ये ड्रायबर्गबाईही गेल्या.

बत्तीस परिचारिकांपैकी आठ जणी छावणीत मरण पावल्या. या आठही जणी १९४५ च्या फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात, म्हणजे सुटका दाराशी आली असताना गेल्या. शेवटची परिचारिका १८ ऑगस्टला मेली. जपानने शरणागती जाहीर करून तेव्हा तीन दिवस झाले होते. पण छावणीला त्याचा पत्ता नव्हता. कैद्यांना ती वार्ता २४ ऑगस्टला सांगण्यात आली. १६ सप्टेंबर १९४५ रोजी उरलेल्या २४ परिचारिकांना विमानाने सिंगापूरला आणण्यात आले. ६५ पैकी १२ समुद्रात, २१ किनाऱ्यावर आणि ८ छावणीत गेल्या. असा हा हिशेब आहे.

आता साक्ष देण्याची वेळ आली. डिसेंबर १९४६ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे बुलविंकेलबाई उभ्या राहिल्या आणि रादजी किनाऱ्यावरील प्रसंग त्यांनी शांतपणे कथन केला. या न्यायाधिकरणाच्या अकरा न्यायाधीशांत आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल होते, हे श्रोत्यांना ठाऊक असेलच. १९४८ च्या निकालात पाल यांनी आपले भिन्न मत नोंदवून सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. विजेत्यांनी पराजितांचा न्याय करावा, हेच त्यांना मान्य नव्हते. तथापि जपानी सैन्याच्या हातून क्रूर अत्याचार झाले, याचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनीही नाकारले नाही. बुलविंकेलबाईंसारख्या साक्षीदारांच्या शब्दांचे वजन यावरून कळून येते. रादजीच्या हत्येबद्दल मात्र कुणाला प्रत्यक्ष शिक्षा झाली नाही. ज्या अधिकाऱ्यावर संशय होता त्याने १९४८ मध्ये तुरुंगात आत्महत्या केली.

साक्षीत सारेच सांगितले गेले होते काय, हा प्रश्न पुढे उभा राहिला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियन इतिहाससंशोधक लिनेट सिल्व्हर यांनी असे प्रतिपादन केले की, हत्येपूर्वी त्या परिचारिकांवर अत्याचार झाला होता आणि तो उघड करू नये असे बाईंना वरून बजावण्यात आले होते. मृतांच्या घरच्यांना लज्जा वाटू नये, हा त्यामागचा विचार असावा. आपल्या देशात फाळणीच्या काळी कितीतरी स्त्रियांच्या दुःखावर असेच मौनाचे पांघरूण घातले गेले. ज्याने अपराध केला त्याची लाज जिच्यावर अपराध झाला तिने वाहायची, ही रीत पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सारखीच दिसते. छावणीतले मौन प्राण राखण्यासाठी होते आणि ते सर्वांनी राजीखुशीने पत्करले होते. युद्धानंतरचे हे मौन, सिल्व्हरबाईंचे म्हणणे खरे असेल तर, त्यांच्यावर लादलेले होते आणि ते त्यांना अधिक जड गेले असले पाहिजे.

असे ओझे उरी घेऊन माणूस खचूनही जाऊ शकतो. बाईंनी त्याचे काम केले. १९४७ मध्ये त्यांना परिचर्येतील सर्वोच्च आंतरराष्ट्रीय सन्मान, फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक, मिळाले. त्याच सुमारास त्या आणि छावणीतील त्यांच्या सोबतीण बेटी जेफ्री, या दोघी मोटारीने व्हिक्टोरिया प्रांतातील रुग्णालये पालथी घालीत फिरल्या. गेलेल्या मैत्रिणींचे स्मारक म्हणून केवळ दगडाची शिळा न उभारता, परिचारिकांना राहण्याची, शिकण्याची आणि एकत्र येण्याची सोय करणारी वास्तू उभारावी, अशी त्यांची कल्पना होती. १९५० मध्ये मेलबर्न येथे ते ‘नर्सेस मेमोरियल सेंटर’ सुरू झाले. जेफ्रीबाईंनी छावणीत चोरून लिहिलेली रोजनिशी १९५४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

बुलविंकेलबाई पुढे मेलबर्नच्या फेअरफील्ड येथील सांसर्गिक रोगांच्या रुग्णालयात मेट्रन झाल्या आणि १९७७ पर्यंत तेथील परिचर्येची सूत्रे त्यांच्याकडे होती. ऑस्ट्रेलियाच्या परिचर्या महाविद्यालयाच्या त्या अध्यक्षा होत्या. नव्या पिढीच्या परिचारिकांना उत्तम शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह असे. एप्रिल १९७५ मध्ये व्हिएतनाममधील युद्धात अनाथ झालेल्या मुलांना विमानाने ऑस्ट्रेलियात आणण्यात आले, त्या कार्यातही त्यांचा हात होता. आग्नेय आशियातल्या एका युद्धाने त्यांचे तारुण्य गिळले होते; तिथल्याच दुसऱ्या युद्धातल्या पोरक्या मुलांकडे त्या आपणहून वळल्या. १९७७ मध्ये त्यांनी विवाह केला आणि त्या पर्थला राहू लागल्या. पन्नास वर्षांनंतर, आपल्या मैत्रिणींच्या स्मारकासाठी, त्या पुन्हा एकदा बांका बेटावर जाऊन आल्या. ३ जुलै २००० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या देशात परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारण्याची रीत रुग्णालयापासून खेड्यातील दवाखान्यापर्यंत रुळली आहे. भगिनी हा शब्द आपण तिला देतो. तरीही आपल्या मुलीने हा पेशा पत्करावा काय, या प्रश्नावर पुष्कळ घरांतून अजून मौनच पाळले जाते. तिचे काम रात्रीचे, घाणीचे, दुसऱ्याच्या आज्ञेत राहण्याचे, असे आपण म्हणतो. रादजीच्या किनाऱ्यावर बावीस भगिनींना निघून जाण्याची वाट मोकळी होती आणि त्यांनी ती घेतली नाही, कारण वाळूवर काही परके, जखमी पुरुष पडलेले होते. या पेशाचे मोल याहून वेगळ्या रीतीने सांगण्याची गरज नाही.

२ ऑगस्ट २०२३ रोजी कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या आवारात बुलविंकेलबाईंचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. त्याच्या पायथ्याशी पोलादाच्या बावीस लहान चकत्या जडवलेल्या आहेत. एकवीस परिचारिकांसाठी आणि पतीपाशी थांबलेल्या त्या वृद्ध स्त्रीसाठी. १६ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री बांका बेटावरील आकाशात तारे जसे होते, तशी त्यांची मांडणी केली आहे. बाई एकट्या उभ्या आहेत, परंतु त्यांच्या पायाशी त्यांच्या साऱ्या सोबतिणी आहेत.